कृत्रिम बुद्धिमत्तेचा संशोधक घडतो कसा?
भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने एका शैक्षणिक वाटचालीचा विचार

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, सह्याद्रीच्या ऐन रांगांत वसलेले भोर आणि वेल्हे हे दोन तालुके इतिहासप्रसिद्ध आहेत. राजगड आणि तोरणा हे दुर्ग वेल्हे तालुक्यात, तर रायरेश्वर आणि रोहिडा भोर तालुक्यात येतात. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, त्यामागेही हाच वारसा आहे. भोर हे १९४८ पर्यंत एका संस्थानाच्या राजधानीचे गाव होते. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून पूर्वेकडील तालुक्यांची शेती भिजविते. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुणे शहराची तहान भागविते. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार होती. वेल्हे हा लोकसंख्येने जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका होय. भातशेती, मुसळधार पाऊस, डोंगरउतारावरील विखुरलेल्या वाड्या आणि पुण्या-मुंबईकडे रोजगारासाठी जाणारी तरुण पिढी हे या परिसराचे ठळक विशेष आहेत.

अशा परिसरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने 'मला कृत्रिम बुद्धिमत्तेत डॉक्टरेट मिळवावयाची आहे' असे म्हटले, तर तिला कोणत्या शिक्षणाची तयारी करावी लागेल? ही तयारी केव्हा सुरू होते? आणि तीत शिक्षकांचा, ग्रामपंचायतीचा व शासकीय यंत्रणेचा वाटा कोणता? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय महानगरांतील मोठ्या संस्थांचा आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. शेवटच्या काही वर्षांपुरता तो खराही आहे. परंतु या शिक्षणाचा पाया ज्या वयात घातला जातो, त्या वयात विद्यार्थी आपल्याच गावाच्या शाळेत असतो.

विषयाचे स्वरूप

मनुष्य ज्या कामांसाठी बुद्धी वापरतो, ती कामे यंत्राकडून करवून घेण्याचे शास्त्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. चित्रातील वस्तू ओळखणे, भाषा समजणे, अंदाज बांधणे, निर्णय घेणे ही अशा कामांची काही उदाहरणे. यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न इंग्लंडमधील गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये एका लेखात मांडला. १९५६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या परिषदेपासून या शास्त्राला आजचे नाव रूढ झाले. आपल्या राज्याचाही या क्षेत्राशी संबंध जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुण्यात १९८८ मध्ये 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि तेथे १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला.

२०२२ च्या अखेरीस 'चॅट-जीपीटी' ही प्रणाली लोकांसमोर आल्यानंतर हा विषय घरोघरी पोहोचला. आता विद्यार्थी भ्रमणध्वनीवर प्रश्न विचारतात व तयार उत्तर मिळवितात. मात्र यंत्र वापरणे वेगळे आणि ते यंत्र कसे चालते, कोठे चुकते व कसे सुधारावे याचा शोध घेणे वेगळे. पीएच.डी.चा विद्यार्थी दुसऱ्या प्रकारचे काम करतो, म्हणून त्याची पूर्वतयारीही वेगळी असते.

पूर्वतयारीचे चार आधार

ही पूर्वतयारी मुख्यतः गणिताची असते. २०२४ पासून अभियांत्रिकी पदवीधरांच्या 'गेट' या राष्ट्रीय परीक्षेत 'डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता' अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू झाली. तिच्या अभ्यासक्रमात संभाव्यता व संख्याशास्त्र, रेखीय बीजगणित, कलन आणि इष्टतमीकरण यांना संगणकशास्त्राच्या बरोबरीने स्थान आहे. हे शब्द अवघड वाटले, तरी त्यांमागील कल्पना ग्रामीण वाचकाला अपरिचित नाहीत.

पहिला आधार रेखीय बीजगणिताचा. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचे, म्हणजे नमुना ८ चे उदाहरण घेऊ. तीत प्रत्येक घराची एक ओळ असते; क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर असे निरनिराळे रकाने असतात. ठरलेले दर लावून प्रत्येक घराचा कर काढला जातो. यंत्राच्या शिक्षणात हीच क्रिया उलट दिशेने होते. तेथे प्रत्येक ओळीचे अंतिम उत्तर माहीत असते, परंतु दर माहीत नसतात. हजारो ओळी पाहून यंत्राने ते दर शोधून काढावयाचे असतात. अशा प्रचंड कोष्टकांचे गणित म्हणजे रेखीय बीजगणित.

दुसरा आधार कलनाचा. दर शोधताना प्रारंभी केलेला अंदाज चुकतो. ही चूक कमी कशी करावयाची? दाट धुक्यात तोरण्यावरून उतरणारा मनुष्य पायथा पाहू शकत नाही. तो पायाखालचा उतार चाचपतो आणि ज्या बाजूला उतार अधिक, त्या बाजूला एक पाऊल टाकतो. यंत्रही अशाच लहान लहान पावलांनी चुकीचा डोंगर उतरते. कोणत्या दिशेला उतार किती, हे सांगणारे गणित म्हणजे कलन. धुक्यात उतरणारा कधी मधल्याच खोलगट जागेला पायथा समजून थांबतो, तसे यंत्राचेही होते. ते टाळण्याचे उपाय शोधणे हे इष्टतमीकरणाचे काम होय.

तिसरा आधार संभाव्यता व संख्याशास्त्राचा. चार वर्षे पाऊस वेळेवर आला, एवढ्यावरून पाचव्या वर्षी रोपवाटिका केव्हा टाकावी याचा निर्णय कितपत विश्वासाने घ्यावा? थोड्या उदाहरणांवरून काढलेला निष्कर्ष किती खात्रीचा आहे, हे मोजण्याची सवय ज्याला नाही, तो यंत्राच्या प्रत्येक उत्तरावर विश्वास ठेवील.

चौथा आधार संगणकाच्या आज्ञावलीचा. आज्ञावली म्हणजे एखादे काम पायरीपायरीने, संदिग्धता न ठेवता सांगणे. ही सवय लावण्यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक म्हणून सेवा केलेले गणिती द. रा. कापरेकर यांचा सुप्रसिद्ध शोध येथे उपयोगी पडेल. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. सुरुवात कोणत्याही संख्येने केली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच उत्तर कायम राहते. वजाबाकी येणारा पाचवीचा विद्यार्थी हा प्रयोग फळ्यावर करू शकतो. ठरलेली कृती, तिची पुनरावृत्ती आणि 'हे असेच का होते?' हा प्रश्न या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. तिसऱ्या गोष्टीपासून संशोधन सुरू होते. कापरेकरांपाशी डॉक्टरेट नव्हती, हेही शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या चार आधारांबरोबर भाषेची तयारी तितकीच आवश्यक आहे. संशोधन-निबंध प्रायः इंग्रजीत असतात व ते वाचण्याचा सराव पुढे करावाच लागतो. परंतु लांबलचक उतारा वाचून त्यातील मुख्य विधान, पुरावा आणि निष्कर्ष वेगळे करण्याची शक्ती मातृभाषेत कमावलेली असेल, तर ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते.

वाटा अनेक

या क्षेत्रात नावाजलेल्या व्यक्तींची शैक्षणिक पूर्वपीठिका पाहिली, तर सर्वांनी एकच वाट चोखाळलेली दिसत नाही. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या दोघांपैकी जेफ्री हिंटन यांची पहिली पदवी केंब्रिजची व विषय प्रायोगिक मानसशास्त्र. त्यांनी एडिंबरो विद्यापीठातून १९७८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेत डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचे एक मानकरी डेमिस हसाबिस हे संगणकशास्त्राचे पदवीधर असून त्यांची डॉक्टरेट मेंदूविज्ञानातील आहे.

मराठी कुटुंबात जन्मलेले नरेंद्र करमरकर यांनी १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली व १९८३ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथून डॉक्टरेट मिळविली. १९८४ मध्ये त्यांनी रेखीय नियोजनाची जी नवी पद्धती प्रसिद्ध केली, ती इष्टतमीकरणाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मानली जाते. 'परम'चे शिल्पकार डॉ. विजय भटकर यांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ मध्ये झाला. नागपूरला अभियांत्रिकीची पदवी, बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण आणि दिल्लीच्या आयआयटीत १९७२ मध्ये डॉक्टरेट असा त्यांचा क्रम आहे.

आजच्या भाषिक प्रणालींचा पाया ज्या निबंधाने घातला, तो २०१७ मध्ये आठ संशोधकांनी मिळून प्रसिद्ध केला. त्यांपैकी आशिष वासवानी यांनी रांचीजवळील मेसरा येथे अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढे अमेरिकेत डॉक्टरेट मिळविली. निकी परमार यांनी पुण्याच्या पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी व अमेरिकेतून पदव्युत्तर पदवी घेतली. या उदाहरणांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पदवीचा विषय वेगवेगळा असू शकतो. दुसरी, विषय कोणताही असला तरी गणिती विचाराची बैठक आणि एका प्रश्नामागे वर्षानुवर्षे लागण्याची चिकाटी यांना पर्याय नाही.

पीएच.डी. म्हणजे नेमके काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार, पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवी परीक्षेत किमान ७५ टक्के गुण असणारा उमेदवार पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो. राखीव प्रवर्गांस ५ टक्क्यांची सवलत आहे. अभ्यासक्रमाचा कालावधी किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा असतो. प्रारंभी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यास पूर्ण करावा लागतो. त्यानंतर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एखाद्या न सुटलेल्या प्रश्नावर काम करून प्रबंध लिहावा लागतो व तो विद्यापीठाबाहेरील तज्ज्ञांकडून तपासला जातो. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याचीही मुभा या विनियमांत असल्याने गणित व विज्ञानाच्या पात्र शिक्षकांनाही ही वाट मोकळी आहे. आयआयटीसारख्या संस्थांचे प्रवेशाचे नियम त्यांचे स्वतःचे असतात.

सारांश, दहावीला सोळाव्या वर्षी उत्तीर्ण होणारा विद्यार्थी अठराव्या वर्षी बारावी, बाविसाव्या वर्षी अभियांत्रिकी पदवी, चोविसाव्या वर्षी पदव्युत्तर पदवी आणि अठ्ठाविसाव्या ते तिसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवितो. आज पाचवीत बसलेल्या मुलीला तेथे पोहोचावयास सुमारे वीस वर्षे लागतील. ग्रामपंचायतीच्या भाषेत सांगावयाचे, तर या चार मुदती झाल्या. एवढ्या दीर्घ प्रवासात विद्यार्थी अनेकदा बुद्धी कमी पडल्यामुळे मागे राहत नाही. एखाद्या वळणावर योग्य माहिती वेळेवर न मिळाल्याने, पैसा अपुरा पडल्याने किंवा एखाद्या कागदाअभावी त्याची वाट तुटते. अशी चार वळणे विशेष जपण्याजोगी आहेत.

पहिले वळण : पाचवी ते आठवी

अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या आणि अक्षरांचा संख्येऐवजी वापर या संकल्पना या वयात पक्क्या झाल्या नाहीत, तर पुढील बीजगणित पाठांतराचा विषय बनते. या टप्प्यावर आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असणारी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे 'एनएमएमएस', महत्त्वाची आहे. जिल्हा परिषदेच्या, शासकीय आणि अनुदानित शाळांतील निवडलेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. त्याहूनही मोलाचा लाभ म्हणजे तयारीच्या निमित्ताने मुलांना तर्काचे प्रश्न सोडविण्याची गोडी लागते.

या वळणावर भोर-वेल्ह्याचा प्रश्न काहीसा निराळा आहे. डोंगराळ भागात वस्ती विरळ असल्याने शाळांचा पट लहान असतो. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक असल्याचे २०२३ मध्ये शिक्षण विभागाच्या आकडेवारीतून पुढे आले. त्या वर्षी अशा शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागविले, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि वेल्हे तालुक्यातील पानशेत येथील समूहशाळांचा आदर्श म्हणून उल्लेख करण्यात आला. त्यावर राज्यभर चर्चा झाली व दोन्ही बाजूंनी विचारार्ह मुद्दे मांडले गेले. समवयस्कांचा मोठा वर्ग, विषयानुसार शिक्षक आणि प्रयोगशाळा यांचा लाभ गणित-विज्ञानाला निश्चित होतो. उलटपक्षी, शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक व उच्च प्राथमिक शाळेसाठी तीन किलोमीटरची मर्यादा घातली आहे, ती लहान मुलांच्या पायांचा विचार करूनच. ओढ्याला पूर आला की वाट बंद होणाऱ्या वाडीवरील मुलगी शाळेपर्यंत पोहोचलीच नाही, तर उत्तम प्रयोगशाळेचा तिला उपयोग नाही. म्हणून प्रत्येक वाडीचा निर्णय घेताना वाहन, पावसाळ्यातील रस्ता आणि मुलींची उपस्थिती या तीन बाबी स्थानिक पंचायतीने नोंदवून ठेवणे व त्या आधारे आपले मत कळविणे अगत्याचे आहे.

दुसरे वळण : दहावीनंतर

अकरावीला विज्ञान शाखा घेणाऱ्या विद्यार्थ्यास गणित सोडता येते. 'गणित अवघड आहे' एवढ्याच कारणाने ते सोडले जाते आणि त्या एका खुणेने अभियांत्रिकी व आयआयटीच्या बहुतेक वाटा बंद होतात. ही गोष्ट अनेक पालकांना प्रवेशानंतर कळते. दहावीच्या वर्षीच शाळेने पालकसभा घेऊन हे समजावून सांगितले, तर मोठी हानी टळेल. ज्यांना लवकर मिळवते व्हावयाचे आहे, त्यांच्यासाठी दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश हा मार्ग आहे. ग्रामीण विद्यार्थ्यास तो सोयीचा पडतो व डॉक्टरेटच्या वाटेतही अडथळा ठरत नाही.

तिसरे वळण : बारावीनंतर

उच्च शिक्षणाची प्राथमिक सोय आता या दोन तालुक्यांतही झाली आहे. भोर येथे अनंतराव थोपटे महाविद्यालय, विंझर येथे अमृतेश्वर महाविद्यालय आणि पुणे-सातारा रस्त्यावरील धांगवडी येथे राजगड ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पन्नास-साठ किलोमीटरवरील पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेले व २०२२ पासून विद्यापीठाचा दर्जा लाभलेले सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ, तसेच १९४९ मध्ये स्थापन झालेले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र पदवी २०१९ मध्ये हैदराबादच्या आयआयटीने सुरू केली व त्यानंतर राज्यातील अनेक महाविद्यालयांत तशा शाखा निघाल्या. मात्र शाखेचे नाव नवे आहे एवढ्यावरून निवड करू नये. तेथे गणिताचे अध्यापन कसे आहे, हे पाहणे श्रेयस्कर. गणित, संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्रातील विज्ञान पदवीही या क्षेत्राकडे नेऊ शकते.

या वळणावर शासकीय यंत्रणेची कसोटी लागते. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आणि जातवैधता प्रमाणपत्र यांना प्रवेशाच्या ठराविक मुदती असतात. एखादा कागद आठ दिवस उशिरा मिळाला, तर गुणवत्तेने मिळालेली जागा हातची जाते व वर्ष वाया जाते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घातली आहे; तरीही अर्ज अकरावीतच करून ठेवण्याची सवय लावणे हिताचे. जून-जुलैच्या पावसात वेल्ह्याच्या टोकाच्या वाडीवरून तालुक्याला दोन खेपा घालणे म्हणजे ऐन लावणीत दोन दिवसांची मजुरी बुडविणे होय, याची जाणीव टेबलापलीकडे बसणाऱ्याने ठेवली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत एक निर्णय आवर्जून सांगावा असा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून राज्य शासनाने पूर्ण सवलत दिली आहे. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविली, तर 'मुलीच्या शिक्षणाला एवढा पैसा कोठून आणावा?' या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मिळेल. राहण्या-जेवणाचा उरलेला प्रश्न वसतिगृहांच्या प्रवेशाशी निगडित आहे.

चौथे वळण : पदवीनंतर

पदवी हाती पडताच नोकरी धरावी, असा घरचा आग्रह असतो व तो समजण्यासारखा आहे. डॉक्टरेटची वर्षे बिनपगारी असतात, हा समज मात्र दूर केला पाहिजे. 'गेट' उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२ हजार ४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. ही परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७ हजार व दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मिळतात. २०२४ पासून 'नेट'चे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरण्यात येऊ लागले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ७० हजार ते ८० हजार रुपये ठेवण्यात आली. याखेरीज अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. बार्टी व सारथी यांची मुख्य कार्यालये पुण्यातच आहेत.

या संशोधनाचा गावाला उपयोग काय?

येथील मुले डॉक्टर होऊन परदेशी जाणार असतील, तर पंचायतीने श्रम का घ्यावेत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर याच डोंगरांत आहे. अतिवृष्टीत कोणता उतार खचेल याचा अंदाज बांधणे हा आजचा संशोधनाचा विषय आहे. २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि २०२१ मध्ये वरंधा घाटापलीकडील महाड तालुक्यातील तळीये येथील दुर्घटना आठवल्या, म्हणजे त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. भातावरील रोग पानाच्या छायाचित्रावरून ओळखणे, धरणात येणाऱ्या पाण्याचे पूर्वानुमान करणे, मोडी कागदपत्रांचे यंत्राद्वारे वाचन करणे हेही असेच प्रश्न आहेत.

भाषेचा प्रश्न तर अधिक जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. यंत्राला भाषा शिकवावयाची, तर त्या भाषेतील विपुल मजकूर लागतो आणि संगणकावर उपलब्ध असलेला मराठी मजकूर इंग्रजीच्या तुलनेत फारच थोडा आहे. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजालाचे काम झाले. पुण्यातील 'एल-थ्री-क्यूब' या गटाने मराठी भाषेची प्रारूपे तयार केली. केंद्र शासनाची 'भाषिणी' योजना २०२२ पासून सुरू आहे. तथापि कानद खोऱ्यातील शेतकरी ज्या बोलीत बोलतो, जमिनीला, वाऱ्याला, भाताच्या अवस्थांना जी नावे देतो, ती यंत्राला कोण शिकविणार? ती बोली ज्याच्या घरात आहे, त्याच्या कानाला यंत्राची चूक प्रथम कळेल. या संशोधकाची ती जन्मजात पूर्वतयारी आहे. विद्यापीठात ती मिळत नाही.

ग्रामपंचायतीला करता येण्याजोगे

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात वाचनालय, वीज व इंटरनेट यांची तरतूद करता येते. वर्षातून एका ग्रामसभेत आठवी, दहावी, बारावी व पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलामुलींची यादी वाचून प्रत्येकाला पुढील वळणाची माहिती देता येते. गावातून पुण्यात शिकावयास गेलेल्या तरुणांनी सुटीत येऊन आठवीच्या मुलांना गणित शिकविण्याची प्रथा पाडता येते. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी दाखल्यांसाठी डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे शेतीची कामे हलकी असताना, शाळेतच शिबिर घेतले, तर जुलैमधील धावपळ वाचेल. शिक्षकांनी प्रत्येक वर्गात 'का?' असे विचारणाऱ्या दोन-तीन मुलांची नावे मुख्याध्यापकांच्या वहीत लिहून ठेवावीत व शाळा बदलली तरी ती वही पुढच्या शाळेला द्यावी.

वीस वर्षांत ग्रामपंचायतीच्या चार समित्या येतील आणि जातील. शिक्षकांच्या बदल्या होतील, अधिकारी बदलतील. पाचवीतल्या त्या मुलीची वाटचाल कोणा एकाच्या उत्साहावर अवलंबून राहू नये, यासाठी ही यादी, ही वही आणि हे शिबिर दप्तरात नोंदलेल्या कामांचा भाग झाले पाहिजेत. आगामी शैक्षणिक वर्षाच्या आरंभी भोर आणि वेल्हे तालुक्यांतील प्रत्येक शाळेने व ग्रामपंचायतीने यांपैकी निदान एक काम हाती घ्यावे.